उतारावरचा न्यूट्रल

डोंगराच्या माथ्यावर पाण्याची एक गंजलेली टाकी आहे. तिथवर रस्ता धापा टाकत चढतो, आणि टाकी मागे पडली की मान खाली घालून वळणावळणाने गावाकडे सुटतो. परतीच्या वाटेवर टाकी आली की थेंबमामांचा डावा हात उठायचा. त्याला कुणी सांगावं लागत नसे. हात गिअरच्या दांड्यावर पडायचा, दांडा न्यूट्रलला यायचा, आणि मग काय विचारता! इतका वेळ रेड्यासारखी फुरफुरणारी डिझेलची गाडी दटावलेल्या पोरासारखी गप्प व्हायची. टायर रस्त्याशी कुजबुजत असायचे तेवढंच काय ते ऐकू यायचं. मागे बसलेल्या नर्सबाया डॉक्टरांच्या लग्नापासून स्वतःच्या सासूच्या गुडघ्यापर्यंत कशावरही तोंड चालवायच्या, पण इथे आल्यावर त्यांचाही आवाज आपोआप खाली यायचा.

"लागली का मामांची समाधी?" थोरल्या सिस्टर मागून विचारायच्या.

"हळू बोला हो सिस्टर. डिझेल झोपलंय, उठेल."

दवाखाना डोंगरावर, त्यात काम करणारी माणसं खालच्या गावात. त्यांना सकाळी वर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं, हे मामांचं आयुष्यभराचं काम. मालकाच्या दोन गाड्या होत्या. मामांच्या गाडीला जेवढं डिझेल लागायचं तेवढ्यात दुसरी गाडी परत कधीच यायची नाही. डिझेलचा थेंब सांडला तर हा माणूस तो चाटून घेईल, असं पंपावरचा माणूस म्हणाला आणि तेव्हापासून ते थेंबमामा झाले. नाव ठेवायला गेला आणि गौरव करून बसला! मामा ते नाव छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवायचे. मालकाने एकदा सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली होती. त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागले की मामा मालकाचा हात पाठीवर नेमका कुठे पडला होता तेही दाखवायचे. दाखवायला हात पोचत नसे, म्हणून भिंतीला पाठ घासून दाखवायचे.

बायको गेल्यावर त्यांच्या घरात बोलायला कुणी उरलं नाही. एकुलती एक मुलगी होती, ती लग्न होऊन शेजारच्याच गल्लीत गेली. जावई कामसू, मितभाषी, खाली मान घालून बसणारा. त्याचं गॅरेज बंद पडलं तेव्हा मामांनी मालकाचे पाय धरले नाहीत एवढंच. बाकी सगळं केलं आणि दुसऱ्या गाडीवर त्याला चिकटवून दिलं. पहिल्याच आठवड्यात त्याला शेजारी बसवून माथ्यावर नेलं.

"जावईबापू, नीट बघा. टाकी दिसली की पाय वर. हा असा न्यूट्रल. आता गावापर्यंत गाडी फुकट."

"ब्रेक, मामा?"

"ब्रेक पायाखाली आहे, कुठे पळून जात नाही. वळणाच्या आधी नुसता कुरवाळायचा." मग त्यांनी आवाज बारीक केला, गाडीत तिसरं कुणी नव्हतं तरी. "आणि ही खुबी कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही. अगदी सासऱ्यालासुद्धा नाही!"

स्वतःच्या विनोदावर मामा असे हसले की पुढचं वळण थोडं रुंदच घेतलं गेलं. जावईही हसला. पण मनातल्या मनात.

मग एक दिवस मालकाने दोन्ही डिझेलच्या गाड्या विकल्या आणि विजेवर चालणारी एक गाडी आणली. पांढरीशुभ्र, मोठी, दोन्ही गाड्यांची माणसं एकटी पोटात घेणारी. तिला आवाज नाही, धूर नाही आणि गिअरचा दांडा तर नाहीच. दांड्याच्या जागी गॅसच्या शेगडीला असतो तसा एक गोल खटका. मामा त्या खटक्याकडे बघत राहिले. नवी सून घरात यावी आणि तिने पहिल्याच दिवशी कपाटं हलवावीत, तसं त्यांचं तोंड झालं.

मालकाने दोघांनाही अंगणात उभं केलं. "गाडी एक, तर ड्रायव्हरही एक. महिनाभर दोघं आळीपाळीने चालवा. ज्याच्या हातात चार्जिंग जास्त टिकेल, त्याची गाडी. सासरा-जावई मला काही माहीत नाही."

मामा गालातल्या गालात हसले. चार्जिंग म्हणजे दुसऱ्या नावाचं डिझेलच की! आणि वाचवण्याच्या कामात थेंबमामांशी टक्कर द्यायची म्हणजे मासोळीला पोहायला शिकवायचं. उलट त्यांना जावयाचीच कीव आली. मुलगी दुसऱ्यांदा पोटुशी होती. त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं, की आपण जिंकलो की मालकाला सांगून पोराला कुठेतरी लावून द्यायचं.

गाडी शिकवायला कंपनीचा माणूस आला. त्याच्या गळ्यात पट्टा, तोंडात सारखं 'सर'. त्याने दोघांना गाडीत बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. डी म्हणजे पुढे चालायचं, इको म्हणजे बेताने, स्पोर्ट म्हणजे जोरात. मग म्हणाला, "आणि सर, हे सगळं चालत्या गाडीत बदलता येतं. डी वरून न्यूट्रलवर घ्यायचं तरी थांबावं लागत नाही."

"न्यूट्रल आहे म्हणता यात?" मामांनी विचारलं.

"आहे ना सर. पण त्याचं असं आहे—"

"झालं तर मग!" मामांनी दार उघडलं आणि खाली उतरले. "चाकं गोलच आहेत ना? मग बाकीचं मला माहीत आहे. जावईबापू, तुम्ही बसा. पोटभर ऐका."

ते वाक्य तिथे अर्धवट सोडून मामा फाटकाबाहेर वॉचमनला मालकाच्या हाताची गोष्ट सांगायला गेले. भिंतही होतीच तिथे. जावई मात्र शेवटपर्यंत बसला. कंपनीच्या माणसाबरोबर डोंगरावर जाऊन आला.

शर्यत सुरू झाली आणि काहीतरी उलटंच व्हायला लागलं. मामा टाकीशी येत, खटका फिरवून न्यूट्रलला घेत. गाडी टुंग करायची, ते त्यांना शाबासकीसारखं वाटायचं. झुळझुळत खाली यायचे. आणि संध्याकाळी मालक गाडीत डोकं घालून पडद्यावरचा आकडा बघायचा, तर जावयाच्या दिवसापेक्षा मामांच्या दिवशी चार्जिंग कमीच. एकदा झालं, दोनदा झालं. मग रोजचंच झालं.

मामांनी पहिल्यांदा चार्जिंगच्या वायरला दोष दिला. मग मागच्या सीटवर बसणाऱ्या स्वयंपाकीणबाईंना.

"बाई, तुम्ही माझ्याच दिवशी जास्त जेवता काय?"

"मामा, जिभेला हाड आहे का तुमच्या!"

मग त्यांनी गाडीतला एसी बंद केला. मग पंखा. मग रेडिओ. नर्सबाया घामाने निथळत पदराने आणि ओढणीने वारा घेत बसायच्या आणि मामा काटकसरीच्या आवेशात घोषणा करायचे, "थोडा दम धरा, आता उतार आला!" एकदा तर जड म्हणून त्यांनी स्वतःच्या चपला दवाखान्याच्या पायरीशी ठेवल्या आणि अनवाणी गाडी चालवत खाली आले. थोरल्या सिस्टर हसून हसून पडल्या. पण दुसऱ्या दिवशी चपला आणून देताना त्यांचा चेहरा हसरा नव्हता.

शेवटी मामांनी लाज गिळली. मुलीकडे जेवायला बसले होते, शेजारी जावई.

"जावईबापू, एक विचारू? तुम्ही उतारावर करता तरी काय?"

जावयाने घास तोंडात घातला, नीट चावला, गिळला. "काही नाही, मामा. तुम्ही शिकवलंत तसंच चालवतो."

"न्यूट्रल?"

"तुम्ही शिकवलंत तसंच."

मुलगी वाढत होती. तिचा हात मामांच्या ताटावर थांबला, मग तिने गरजेपेक्षा जास्त भात वाढला. "बाबा, तुम्ही आता आराम करा ना," ती म्हणाली. "किती दिवस करणार?"

मामांना वाटलं, पोरीची माया. त्यांनी भात संपवला.

मग तो दिवस आला. रात्री पावसाने वीज गेल्यामुळे गाडी अर्धवटच भरली होती. वर जाताना चढाने बरंच खाल्लं. परत निघताना पडद्यावर पिवळा दिवा लागला, पण मामांच्या मनात शंका नव्हती, पुढे सगळा उतारच तर होता. टाकीशी खटका फिरवला. गाडी माणसांनी भरलेली, रस्ता ओला, वळणावळणाला ब्रेक. निम्म्यावर आले आणि करपल्यासारखा वास आला.

"मामा, काहीतरी जळतंय," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"कुणीतरी कचरा पेटवला असेल."

"पावसात?"

ब्रेकचा पाय आता जास्त खोल जात होता. आयुष्यात पहिल्यांदाच मामांना त्या उताराची भीती वाटली. दात आवळून, जवळजवळ उभं राहून ब्रेक दाबत त्यांनी गाडी शेवटच्या वळणातून काढली आणि सपाटीला आणली. खटका डी वर घेतला. गाडी थोडी चालली आणि सिमेंटच्या गोदामासमोर मुकाट्याने उभी राहिली. पडद्यावर काही उरलं नव्हतं.

नर्सबाया एकेक करून उतरल्या, साड्या वर धरून चिखलातून चालू लागल्या. स्वयंपाकीणबाई जाता जाता थांबल्या. काहीतरी लागट बोलतील म्हणून मामा तयार होते. त्या म्हणाल्या, "तुम्हाला लागलं नाही ना कुठे?" ते जास्त लागलं.

मालक ओरडला नाही. "मामा, माणसं होती हो गाडीत," एवढंच म्हणाला. गाडी जावयाची झाली. मामांना त्याने काढलं नाही, त्याहून वाईट केलं. गाडी रोज धुवायची, संध्याकाळी वायर लावायची, सकाळी काढायची, हे काम दिलं. मामांनी तेही घेतलं. घरी बसून बोलणार तरी कुणाशी?

पाऊस सरल्यावर मामांना चक्कर यायला लागली, म्हणून दवाखान्यात दाखवायला ते वर गेले. परत येताना थोरल्या सिस्टरनी त्यांना मुद्दाम पुढे बसवलं, जावयाच्या शेजारी. टाकी आली. मामांचा डावा हात मांडीवरून उठला आणि हवेतच राहिला. जावयाचा हात हललाच नाही. त्याने नुसता पाय वर घेतला. खटका डी वरच. आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी वर सरकली. गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी जड झाली, ब्रेक न लावताच सावकाश उतरू लागली. आणि त्या पट्टीशेजारचा आकडा मामा बघत होते. तो वाढला. पुढच्या वळणानंतर पुन्हा वाढला.

"हे काय?" मामांनी विचारलं.

जावई रस्त्याकडे बघत राहिला. उत्तर मागून आलं. थोरल्या सिस्टरना वाटलं मामा कौतुकानेच विचारताहेत. "अहो, उतारावर ही गाडी स्वतःच स्वतःला भरते! चाकं फिरतात त्यावरच वीज तयार होते म्हणे. न्यूट्रलला टाकलं की ते बंद. काल तो कंपनीचा माणूस गाडी तपासायला वर आला होता, त्याने सांगितलं. मजाच आहे नाही?"

"मजाच आहे," मामा म्हणाले.

म्हणजे रोज टाकीशी, हसत हसत, ते आपल्याच हाताने गाडीचं तोंड शिवत होते. आणि शेजारच्या गल्लीतला एक माणूस भात चावत ते बघत होता.

नर्सबाया उतरल्या. गाडीत दोघंच राहिले.

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

जावयाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मामा, तुम्हीच तर म्हणाला होता—" आणि तिथेच थांबला. मामांना पुढचं माहीत होतं. त्या वाक्यावर ते स्वतः सगळ्यात जास्त हसले होते.

तिथून मामा मुलीच्या घरी गेले. ती उंबऱ्यात उभी होती, पोटावर हात ठेवून. मामा आत गेले नाहीत.

"तुलाही माहीत होतं?"

तिने मान खाली घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. "बाबा, तुमचं सगळं होऊन गेलं होतं," ती म्हणाली. "आमचं व्हायचं होतं. तुम्ही एकटे, आम्ही चौघं होणार." मग दारातून बाजूला होत, "आत या ना. जेवूनच जा."

"पोट भरलंय," मामा म्हणाले.

सकाळी ते गाडी धूत होते तेव्हा मालक अंगणात आला. कंपनीचा माणूस त्यालाही भेटला असावा. कपाळाला आठ्या होत्या.

"मामा, तुम्ही उतारावर न्यूट्रल करत होता?"

मामांनी फडका पिळला.

"गाडी शिकवायच्या दिवशी तुम्ही मधूनच उठून गेलात, म्हणून मी जावयाला बजावलं होतं, मामांना एकूण एक गोष्ट सांग, नाहीतर या शर्यतीला अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, सांगितलं." मालकाने आवाज खाली आणला. "सांगितलं होतं ना? नसेल तर आत्ता बोला. खोटं बोलणारा माणूस मला गाडीवर नको आहे."

जावई गाडीच्या दाराशी उभा होता. त्याच्या हातात डबा होता, आणि त्या डब्याला मुलीने बांधलेला निळा रुमाल. मामांच्या डब्यालाही ती लग्नाआधी तशीच गाठ मारायची, एक टोक लांब ठेवून. एका शब्दाचं काम होतं. जावयाचा रंग उडालेला होता आणि त्याने पहिल्यांदाच सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"सांगितलं होतं," मामा म्हणाले. "दोन-दोनदा सांगितलं. माझ्याच डोक्यात शिरलं नाही. जुनं खोड, मालक."

मालकाने सुस्कारा सोडला. इतकी वर्षं ज्याला डिझेल वाचवणारा माणूस म्हणून वाखाणलं, त्याच्याकडे त्याने कीव केल्यासारखं बघितलं आणि आत निघून गेला. पाठीवर हात वगैरे काही पडला नाही.

मामांना वाटलं, आता पोरगा काहीतरी बोलेल. पाया पडला नाही तरी चालेल, नुसतं 'मामा' म्हणाला तरी पुरे. जावई गाडीत चढला, डबा शेजारच्या सीटवर ठेवला, आरसा नीट केला. मग काच खाली करून म्हणाला,

"मामा, वायर काढा ना. उशीर होतोय."