बर्फाच्या कारखान्यातलं गाऱ्हाणं

मंडळी, आज सकाळी माझा प्लॅन एका नारळापुढे बदलला, आणि मला त्याचा जरासुद्धा राग आलेला नाही.

बंदराजवळचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना आठवतोय ना? तिथे आता वर घरं, खाली ऑफिसं होणार. आर्किटेक्ट मी. मालकांना गाड्यांसाठी गेट रस्त्याच्या बाजूच्या भिंतीतच हवं होतं. नेमक्या त्याच भिंतीच्या सावलीत मासे विकणाऱ्या बायका वर्षानुवर्षं बसतात. "तेंका दुसरीकडे बसाक सांगूया," मालक म्हणाले. मी समजावून थकले.

आज भिंत फोडण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं होतं. ते घालायला गावातले आबा आले.

"बा देवा म्हाराजा, ह्या काम तडीस ने रे म्हाराजा."

आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा."

"हय रवतल्या माणसांका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग त्याच सुरात आबा म्हणाले, "ज्यो बायलो हय बसान मासे इकतत, तेंका कोण उठवचो नाय, अशी बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज मालकांचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

डोळे उघडल्यावर आपण कशाला हो म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं. टोपल्यांमागून बायका बघत होत्या. कोणीच हसलं नाही.

खोबऱ्याचा तुकडा चघळत मालक माझ्याजवळ आले. "गेट मागल्या बाजूक घेवक येयत काय गो?"

येतं. आत्ता तेच काढत बसलेय.

तुमच्या गावात गाऱ्हाण्यातला होकार कोणी मागे घेतल्याचं ऐकलंय का? मी तरी नाही.