न पुसलेली काच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून बोलायला वेळ भरपूर होता. मुलाला नाही. दोन-तीनदा लिहायला बसलो, वर तारीख घातली, आणि वाण्याची यादी लिहून उठलो. आज लिहितो आहे. आजच का, ते विचारू नका. मला सांगता येणार नाही.

तसं मोठं काही नाही. खून नाही, चोरी नाही. एक काच पुसायची होती, ती मी पुसली नाही. एवढंच — पण एवढंच असतं तर इतकी वर्षं गप्प कशाला राहिलो असतो?

ऐंशीच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाताना एक लहान खाडी लागते, तिच्या काठी आमच्या कार्यालयाने कोळंबीची दोन तळी बांधली होती. तळ्यांत पाणी खाडीचं. ते पाणी कसं आहे हे कळावं म्हणून परदेशातून एक यंत्र आलं. हातभर लांबीचं धातूचं नळकांडं, बुडाशी काच. ते पाण्याखाली एका खांबाला बांधलेलं असे. काचेतून ते पाण्यात निळा उजेड सोडी. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असलं तर ते त्या उजेडात लालसर चमके, आणि ती चमक यंत्र मोजी. शेवाळ जितकं जास्त, तितका काटा वर. काटा मात्र पाण्यात नव्हता. वर बांधावरच्या खोपीत होता, केबलने जोडलेला. मी खोपीत बसून तो वाचायचा आणि वहीत उतरवायचा.

वहीत आणखी एक रकाना होता. ‘काच पुसली.’ आठवड्यातून दोनदा, ओहोटीच्या वेळी खाली उतरून मऊ फडक्याने काच पुसायची आणि रकान्यात खूण करायची. कारण खाडीत काहीही ठेवा, आठ-दहा दिवसांत त्यावर हिरवा बुळबुळीत थर धरतो. काचेवर थर धरला की यंत्र खाडी मोजत नाही, आपल्याच काचेवरचं शेवाळ मोजतं. हे मला नीट शिकवलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

खांबापर्यंत चाळीसेक पावलं चिखल होता, गुडघाभर. मी लांज्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, पण खाडीच्या चिखलाची सवय नाही. त्यात सरकारी नोकरी, इस्त्रीची पँट. एकदा पँट वर दुमडून निघालो आणि मधोमध बसलो — बसलो म्हणजे पडलोच. बाजूला बायका नारळाची सोडणं चेचत होत्या. त्यांतली भागीवयनी ओरडली, “अगो बगा गो, लांज्याचा रेडा खाडीत बसला!” सगळ्या हसल्या. हसत हसत तीच आली, दंडाला धरून मला उपसून काढलं, कालवाच्या शिंपीने पाय कापला होता तो धुतला. “उद्यापासनं लुंगी नेसून ये रं बाबा,” म्हणाली.

भागीवयनीचा नवरा गलबतावर होता, तिथे वरून पडून कमरेपासून लुळा झाला होता. घरात दोन मुली. काठावर तिचे पाच खड्डे होते. त्यांत सोडणं भरायची, वर झावळ्या आणि चिखल घालून भरतीच्या पाण्याखाली आठ-नऊ महिने कुजू द्यायची, मग चेचून काथ्या काढायचा, सुंभ वळायचं. त्या घराचं सगळं त्या पाच खड्ड्यांवर होतं. मला हे ठाऊक होतं.

त्या दिवसानंतर मी काठावर दिसलो की कुणीतरी रेड्यासारखी रेकायची. थट्टाच. वाईट काय होतं त्यात? पण मला ते लागलं. एका खेपेला म्हटलं, आज राहू दे. खोपीत बसून रकान्यात खूण केली. मग दुसऱ्या खेपेलाही. मग दोन महिने. खूण करायला कितीसा वेळ लागतो?

काटा चढू लागला. रोज थोडा. मी तो प्रामाणिकपणे उतरवत होतो — याचं मला आजही नवल वाटतं. काटा खरा लिहायचा आणि शेजारची खूण खोटी करायची. त्याच सुमारास तळ्यातली कोळंबी मरू लागली. कशाने मेली ते मला आजही माहीत नाही. उन्हाने असेल, रोगाने असेल. साहेबांनी वही चाळली, आकडे पाहिले आणि काठावर आले. खड्ड्यांना वास येतोच. कुजणाऱ्या सोडणांना येणारच. साहेबांचं तिथेच ठरलं. सोडणं कुजतात, त्याचं खत पाण्यात उतरतं, त्यावर शेवाळ माजतं.

भागीवयनी पाण्यात उभी होती. म्हणाली, “सायब, पानी चांगला हाय. ही माजी पायाची नखं दिसतायत बगा.”

खरंच दिसत होती. मीही पाहिली.

साहेब माणूस चोख. त्यांनी वळून मला विचारलं, “काच वेळेवर पुसतोस ना?”

मी म्हणालो, “आठवड्यातून दोनदा, साहेब.”

“हा?” भागीवयनी हसली. “रेडा हल्ली पान्यात उतरत नाय, सायब. लाजतो आमाला.”

साहेब हसले. मागच्या बायका हसल्या. मीही हसलो. तिने खरं तेच सांगितलं होतं, भर उन्हात, पाच माणसांसमोर. पण काचेचा आणि तिच्या खड्ड्यांचा काही संबंध आहे हे तिला कुठून कळणार? ते तिथे फक्त मला कळत होतं.

पंधरा दिवसांत खड्डे उपसा, असा हुकूम निघाला. ती माझ्याकडे आली. खोपीच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. “तुमी सांगा सायबाला. अजून चार म्हयनं ऱ्हाऊ देत, सोडणं तरी हाताला लागतील. कच्ची काढली तर चुलीतच जायाची.” मला ती पहिल्यांदाच ‘तुमी’ म्हणत होती. मी म्हणालो, “बघतो.”

आणि मी बघितलंही. पुढचं सांगणं मला जास्त जड जातं. दोन-तीन दिवस घालवले आणि मग एका सकाळी खाली उतरलो, काच पुसली. बोटभर जाड थर होता. माझा हिशेब असा: काटा खाली येईल, साहेब ते पाहतील, हुकूम आपोआप मागे घेतील, आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. काटा आला की खाली. एका दिवसात आला.

पण बायका घाबरलेल्या होत्या. त्याच सकाळी त्यांनी पहिले दोन खड्डे उपसायला घेतले होते. ते भागीवयनीचेच होते.

साहेबांनी वही पाहिली आणि आकड्यावर टिचकी मारली. “बघ! उपसायला लागल्याबरोबर पाणी निवळलं. आता कुणी शंका घ्यायला नको.” तसंच अहवालात गेलं. माझी पुसलेली काच तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. तेव्हाही बोलता आलं असतं. साहेब समोर होते, वही समोर होती. मी “होय साहेब” म्हणालो. त्या दिवसाची खूण तेवढी खरी होती.

तिचे उरलेले तीन खड्डेही गेले. कच्ची सोडणं बरेच दिवस काठावर पडून होती. पावसाळ्याआधी ती नवऱ्याला आणि मुलींना घेऊन केळशीला बहिणीकडे गेली, कुणाच्या तरी वाडीत कामाला. वर्षभरात तळीही बंद पडली. यंत्र पेटीत घालून परत गेलं. मला पुढे बढती मिळाली. त्या वेळी काही वाटलं का, असं विचाराल तर — फारसं नाही. जेवत होतो, झोपत होतो. वाटायला हवं होतं, एवढंच कळतं.

निवृत्तीनंतर एकदा केळशीला गेलो. काय बोलायचं ते एसटीत मनाशी पक्कं केलं होतं. ती ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. नवरा केव्हाच गेला होता. एका मुलीचं लग्न झालं होतं, दुसरीचं राहिलंच. मला ओळखायला तिला वेळ लागला, मग हसली, मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मी कप हातात घेतला, तोंड उघडणार, इतक्यात तीच म्हणाली,

“तेवा आमच्या सोडणांनी तुमच्या कोळंब्या मेल्या. आमाला काय म्हाईत, वो. आमी अडाणी. तुमाला सायबाची बोलणी खावी लागली असतील. राग धरू नका.”

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती.

मी म्हणालो, “असू दे, वयनी. झालं ते झालं.”

चहा प्यायलो. ती फाटकापर्यंत आली. गाडी सुटल्यावर, केळशी मागे पडल्यावर, मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हटलं — वयनी, पाणी चांगलं होतं, काच मी पुसली नव्हती, मला माफ करा.