गोधडीवरचं गाव

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे मलाही चटकन सांगता येत नाही. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते आणि आठवली की बरं वाटतं. पोलिसाच्या आठवणींच्या बाबतीत असं क्वचितच होतं.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. घटस्थापना तोंडावर होती, त्यामुळे मंडळांच्या परवानग्या आणि बंदोबस्ताची वाटणी यात आम्ही बुडालेलो होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात जवळच्या एका गावचे सरपंच, पोलीस पाटील आणि बरीच मंडळी आत आली. त्यांच्यामागे बारामतीच्या एक बाई गप्प उभ्या होत्या.

सरपंच म्हणाले, "साहेब, आमचं गाव चोरीला गेलं."

ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांना बसायला सांगितलं. घोळक्याची तक्रार बसवून ऐकावी, उभी माणसं उगाच आवाज चढवतात.

प्रकार असा होता. या मंडळींचं जुनं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि गाव वर माळावर नव्याने वसलं. बारामतीच्या त्या बाईंचं माहेर याच गावातलं. त्या कापडाचे नकाशे करत. बारामतीचे रस्ते, कालवा, बाजारपेठ, जुन्या वेशी असं सगळं रंगीत तुकड्यांतून जोडायचं आणि वरून गोधडीसारखे टाके घालायचे. लोक वास्तुशांतीला भेट म्हणून असे नकाशे हौसेने घेत. एक दिवस त्यांच्या मनात आलं, बुडालेल्या गावाचाच नकाशा का करू नये? कागदावरचा नकाशा काय, कचेरीत मिळेल. पण कुणाच्या दारात कडुनिंब होता आणि बायका कुठल्या आडावर भांडायच्या, हे त्यात कुठून येणार?

त्या कितीतरी रविवार देवळात म्हाताऱ्या माणसांत जाऊन बसल्या. प्रत्येक घराने आपल्या घरासाठी कापडाचा तुकडा दिला. कुणी वडिलांच्या पटक्याचा, कुणी आईच्या खणाचा. नदीसाठी देवळातल्या गुरवमावशींनी त्यांच्या सासूचं गडद निळं लुगडं दिलं. ते सणापुरतंच नेसलेलं, एरवी पेटीत ठेवलेलं. आड नेमका कुठे होता यावरून दोन म्हाताऱ्यांत अबोला झाला, तो नकाशा पुरा होईपर्यंत टिकला. अशी ती भलीमोठी गोधडी तयार झाली आणि देवळाच्या सभामंडपात भिंतीवर लागली. आता ती जागेवर नव्हती.

"आणि चोर बी ठावा हाय," सरपंच म्हणाले.

त्यांनी गावातल्या एका तरुणाचं नाव घेतलं. तो बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता, रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन करायचा. महिन्यापूर्वी त्याने पुण्याच्या एका माणसाला गोधडी दाखवायला आणलं होतं. त्या माणसाला ती हॉटेलात लावायला विकत हवी होती. गावाने नाही म्हणून सांगितलं. त्या माणसाने फोटो काढले आणि तो निघून गेला. आता गोधडी गेली म्हटल्यावर गावाने दोन आणि दोन चार केले होते. घोळक्यातला एक जण म्हणाला, "साहेब, उचला त्याला. दोन दनके द्या, बोलंल."

मी तक्रार लिहून घ्यायला सांगितलं. तेव्हा त्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "चोरीला गेली असं लिहू नका साहेब. दिसत नाही, एवढंच लिहा. मला तेवढंच माहीत आहे." फिर्यादी इतका मोजका बोलला की अर्धा तपास तिथेच होतो. मी त्यांचा शब्द ठेवला. गुन्हा दाखल न करता अर्ज चौकशीवर घेतला.

माझ्या टेबलावर त्याच तरुणाचा आणखी एक कागद पडला होता. कारखाना त्याला कायम करणार होता आणि त्यासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागत होता. म्हणजे माझ्या सहीवर त्याची नोकरी अडकलेली. चोरीच्या गुन्ह्यात त्याचं नाव एकदा आलं की पुढे निर्दोष सुटूनही उपयोग नव्हता, कारखाना तोवर दुसरा माणूस घेणार.

त्याला दुपारी बोलावलं. तो कारखान्याच्या कपड्यांतच आला. मी चहा मागवला, त्याने घेतला नाही.

"पुण्याच्या माणसाला तूच आणलंस?"

"व्हय साहेब. मीच आनला व्हता. गोधडी बघून त्याच्या डोळ्यात पानी आलं म्हनून मला वाटलं चांगला मानूस हाय. इकायची न्हाय म्हनल्यावर विषय संपला."

"मग गोधडी कुठंय?"

"ठाव न्हाय. साहेब, त्यात माज्या आज्ज्याच्या धोतराचा तुकडा हाय. मी आज्ज्याला इकीन व्हय?"

पुण्याच्या माणसालाही मी फोन लावला. तो इतका हळहळला की चोर असता तर एवढं जमलं नसतं. चौकशीत माझं एक निरीक्षण आहे. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर तयार असतं. या पोराला आठवडाभरात कुठल्या दिवशी कुठली पाळी होती, तेही धड सांगता येईना. मी त्याला घरी जाऊ दिलं. बाहेर उभ्या मंडळींना ते रुचलं नाही. त्याच्या आईला त्या दिवशी गावात कुणी पीठ दळून दिलं नाही, हे मला बीट अंमलदाराकडून कळलं. संताप आला. पण गावावर गुन्हा कुठल्या कलमाखाली दाखल करणार?

सगळ्यांचे जबाब पुन्हा वाचले. गोधडी शेवटची कधी पाहिली, या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने म्हटलं होतं, "मंडप रिकामा केला त्याच्या आधी." आणि नसल्याचं लक्षात कधी आलं? सतरंज्या परत अंथरल्या तेव्हा. मधल्या दिवसांबद्दल कुणी काहीच बोलत नव्हतं.

त्यात सौभाग्यवतींचा फोन आला. "येताना धुण्याचा सोडा आणा. आणि लवकर या. दसरा काढलाय, ओल्या गोधड्या माझ्या एकटीच्यानं उचलत नाहीत."

मी फोन ठेवला आणि स्वतःशीच हसलो. आमच्याकडे घटस्थापनेआधी घरातलं एकूण एक कापड धुतलं जातं. त्याला दसरा काढणं म्हणतात. जी गोष्ट घरोघरी चालू असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. देवळाचा दसराही कुणीतरी काढला असणारच की! पडदे उतरले, सतरंज्या उतरल्या, मग भिंतीवरची गोधडी तेवढी पारोशी ठेवतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचांना घेऊन देवळात गेलो. त्या बाईही आल्या होत्या. सभामंडपात गाव जमलं. गुरवमावशी गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळ समया घासत होत्या. मी त्यांच्याकडे न बघताच मोठ्याने विचारलं, "मंडपातलं धुणं पाण्यावर कुणी नेलं होतं?"

समई घासणारा हात थांबला. कुणी काही बोलायच्या आत सरपंच म्हणाले, "धुन्याचं काय घिऊन बसलाय साहेब? त्या पोराला कवा उचलताय?"

मावशी उठल्या. पदराला हात पुसले, कमरेची किल्ली काढली आणि पालखीच्या खोलीचं कुलूप उघडलं. पालखीच्या मागून त्यांनी एक गाठोडं ओढून बाहेर आणलं.

"त्याला उचलू नगा. मी धुतली," त्या म्हणाल्या. "देवाफुडं मळकी कशी ठिवायची म्हनून पान्यात घातली. सासूबाईचं लुगडं कवा भिजलंच न्हवतं. समदा निळा रंग सुटला."

गाठोडं सोडलं. नदीचा निळा रंग काठ ओलांडून वेस, आड, देऊळ, सगळ्या घरांवर पसरला होता. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धरनानं येकदा बुडवलं, आन् दुसऱ्यांदा मी बुडवलं. कुनाला तोंड दावायचं म्हनून लपवली. पर त्या लेकराच्या पोटावर पाय नगा दिऊ. काय करायचं ते मला करा."

सरपंचांची मान खाली गेली. बारामतीच्या बाई पुढे झाल्या. आता रडतील, असं मला वाटलं. त्यांनी गोधडी उजेडाकडे धरून न्याहाळली, मग मावशींना जवळ बसवून घेतलं आणि पिशवीतून सुई आणि पांढरा दोरा काढला. निळ्याखाली घरांचे तुकडे अजून ओळखू येत होते. एकेका घराच्या कडेने त्या पांढरा टाका घालत गेल्या. आडावरून अबोला धरलेल्यांपैकी एक तात्या काठी टेकत आले, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. "आता बराबर हाय," ते म्हणाले. "पान्याखाली हाय, पर हाय."

चौकशीअंती तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. त्याच बैठकीत त्या पोराच्या दाखल्यावर सही केली. सरपंच त्याच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण पोलीस पाटलांच्या म्हणण्याप्रमाणे आधी बराच वेळ नुसता चहाच प्याले.

कायम झाल्यावर पोरगा पेढे घेऊन ठाण्यात आला. पुडा फोडलेला होता. म्हणाला, "साहेब, रागवू नगा. पयला मावशीला दिला." मी रागावलो नाही. मानाने तो त्यांचाच होता.

लोक त्या तपासाचं श्रेय मला देतात. खरं सांगतो, मला फक्त एक अंदाज होता. पालखीच्या खोलीची झडती घ्यायची हिंमत मी केली असती की नाही, ठाऊक नाही. मावशी गप्प बसल्या असत्या तर गोधडी तिथेच राहिली असती आणि पोराच्या माथी चोरीचा डाग जन्मभर राहिला असता. मी नोकरीत पुष्कळ कबुल्या ऐकल्या. काही माराच्या भीतीने दिलेल्या, काही वकिलाच्या सल्ल्याने, काही कंटाळून. दुसऱ्याचं पोर वाचावं म्हणून कुणी आपणहून दिलेली कबुली मी एकदाच ऐकली. ती ऐकायला मी तिथे होतो, याबद्दल मी या खात्याचा ऋणी आहे.