वंदनाच्या सायकलीला वीस दातांची चक्री

ये गं, अशी जवळ सरकून बस. आणि तो मोबाईल आधी बाजूला ठेव. नुसते चक्रीचे दात मोजून कुणी फिक्स सायकल ठरवतं का? रस्ता कसला, पाय कुणाचा, काही विचार केलास? नाही ना? मग ऐक. सांगलीत तीस वर्षं सायकली दुरुस्त करून मीसुद्धा इथंच चुकले.

वंदनाचा फोन आला. ती माझी जुनी गिऱ्हाईक, शाळेत क्लार्क.

"शमीममावशी, चढ जमला. पण उतारावर डावा पाय पायडलवरनं उडाला."

"पडलीस?"

"न्हाई. भाजीच्या गाड्याला धरून थांबले. दादा म्हणतोय, आजच सायकल भंगारात घालतो."

वंदनाचा डावा पाय लहानपणापासून पोलिओनं अधू. साध्या सायकलीला मागं फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी चाक पळतं. हिच्या मागच्या चाकाला मी फिक्स, म्हणजे चाकाला घट्ट जखडलेली दातेरी चक्री बसवलेली. तिच्यात चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. उजव्या पायानं दाबलं की डावा त्याच्याबरोबर आपोआप वर येतो. त्या सायकलीवर ती वीस वर्षं एकटी कामाला गेली. कुणाच्या मागं बसली नाही.

सांगलीत रस्ता सपाट. पुढं अठ्ठेचाळीस दात, मागं अठरा, मजेत चाललेलं. मग संस्थेनं साताऱ्याला बदली केली. तिथं शाळेच्या वाटेवर चढ, आणि एका पायानं तो गिअर ओढेना. मी दुकानात बसूनच बावीस दातांची चक्री पाठवली, तिथल्या मिस्त्रीनं ती बसवली. मागचे दात वाढले की पायडल हलकं होतं, एवढं बरोबर. पण हलक्या गिअरला त्याच वेगात पाय जास्त गरगर फिरतात, आणि फिक्समध्ये ते थांबवता येत नाहीत. सपाटीला राहून राहून उतार माझ्या ध्यानातच आला नाही.

रविवारी तीन चक्र्या पिशवीत घालून एस.टी.नं सातारा गाठलं. वंदनाचा भाऊ दारातच उभा.

"आवं मावशी, पन्नाशीला आली ही. रोज मी सोडतो म्हणतोय शाळेत."

"मला माझ्या पायानं जायचंय," आतून वंदना.

"आणि पाय मोडल्यावर?"

"तवा तू हायसच की!"

मी म्हटलं, "भांडण मागनं करा. आधी रस्ता दाखवा."

सायकल हातात धरून आम्ही शाळेपर्यंत चालत गेलो. चढ लांब पण मवाळ. उतार आखूड पण उभा, थेट शाळेच्या फाटकाशी संपणारा. परत येताना तोच उभा चढ होतो, म्हणून तेवढा तुकडा सायकल ढकलत यायचं, असं आमचं ठरलं. त्यात लाज कसली?

अठराची चढाला जड, बावीसची उताराला गरगरती, म्हणून बावीसची काढून मधली वीसची लावली. चक्रीला धरून ठेवणारी वरची लॉक रिंग उलट्या आट्याची असते, ती गच्च आवळली, नाहीतर पायाच्या उलट जोरानं चक्री सुटते. चाक मागं सरकवून चेन ताणली. ब्रेकची रबरं नवी घातली.

"उताराला लागायच्या आधी ब्रेक धरायचा. वेग आल्यावर न्हाई," मी बजावलं.

चढ ती दमत, पण न उतरता चढली. मग उतार. भाऊ फाटकाशी हात पसरून उभा, वरनं घागर झेलायची असल्यागत. वंदना ब्रेक धरून सावकाश आली. डावा पाय पायडलवर जागच्या जागी.

"सरक की रं! धडकीन!"

तो सरकला. ती फाटकाशी पाय टेकून उतरली.

आता ती रोज जाते. भाऊ भंगाराचं नाव काढत नाही. मी शिकले ते एवढंच: चढाला चुकीची चक्री लागली तर माणूस उतरून चालतं, उताराला लागली तर पडतं. म्हणून उतार आधी बघायचा, आणि तो दुकानात बसून दिसत नाही.

तुझा रस्ता मला कुठं ठाऊक आहे? तेव्हा काही विकत घेऊ नकोस. या रविवारी सायकल घेऊन ये, तुझ्या वाटेनं आपण दोघी चालून येऊ. आणि जेवायलाच ये. लवकर ये गं, वाट बघायला लावू नकोस.