किनारा नसलेल्या जिल्ह्याचं एक बेट

"वाशीमला समुद्र आहे का?" साहेबांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं.

"नाही, सर."

"मग निरंक पाठवा. पाचच्या आत."

निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त खपणारा शब्द. वरून आलेला विषय होता 'सागरी जीवांचे संरक्षण व बेटवासीयांना हवामान बदलासाठी साहाय्य'. मी विस्तार अधिकारी. पोर्टल उघडून निरंक टाकलं. पोर्टलने लाल अक्षरांत परत केलं : किमान एक बेट आवश्यक.

"टाका काहीतरी," साहेब म्हणाले.

अडलेल्या कामांची यादी मी वहीत ठेवते. त्यात धरणाच्या फुगवट्याकाठची एक वस्ती होती. पूर्वी पाणी हळूहळू चढायचं, एक वाट तरी उघडी राहायची. आता महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो आणि वस्तीला चारही बाजूंनी पाणी लागतं. लोक रिकाम्या ड्रमांच्या तराफ्यावरून ये-जा करतात. होडीचा प्रस्ताव मी तीनदा पाठवला, तीनदा परत आला. शेरा तोच : जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही.

तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष शेवंताबाई त्याच सकाळी येऊन गेल्या होत्या. "म्याडम, श्रावणात माह्या सुनेचे दिवस भरतात. तिले काय ड्रमावर बसवून नेऊ?"

मी फॉर्म भरला. बेट : एक. चारही बाजूंनी पाणी : होय, पावसाळ्यात. जलचर : मरळ. तातडीची गरज : होडी. सगळं खरं होतं. साहेबांनी न वाचता मंजूर केलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

महिन्याभरात मुंबईहून तपासणी अधिकारी आले. "खारफुटी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. खारफुटी म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं. शेवंताबाईंनी काठावरच्या बेशरमाच्या झुडपांकडे बोट दाखवलं.

"हे बेशरम हाये, साहेब. पाण्यातबी जगते. कितीबी तोडा, जागा सोडत नाही. तुमच्या ऑफिसातबी असन!"

अधिकाऱ्यांनी झुडपांचे चार बाजूंनी फोटो घेतले. अहवालात लिहिलं : वनस्पती आच्छादन समाधानकारक.

आषाढात फायबरची होडी आली. सोबत लाइफ जॅकेटं, आणि समुद्री कासवांची अंडी उचलू नयेत असा मोठा फलक.

"हे बेट आलं कुठून?" साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"मंजुरी तुमचीच आहे, सर."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "लोकार्पणाला फोटोग्राफर सांगितलाय ना?" त्या दिवशी जॅकेट घालून ते गुडघाभर पाण्यातल्या होडीत बसले आणि फोटो होईपर्यंत उतरले नाहीत.

श्रावणात पाणी चढलं. शेवंताबाईंची सून होडीतून काठावर आली आणि ॲम्ब्युलन्सने कारंज्याच्या दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. यादीतल्या त्या ओळीवर मी काट मारली.

एवढ्या नोकरीत मी एवढंच शिकले : खरी माहिती योग्य रकान्यात भरली की कुणीतरी वाचतं आणि शेरा मारतं. भलत्या रकान्यात भरली की कुणी वाचत नाही, आणि काम होतं.