भेसळीचं रोप

रेवसच्या खाडीलगतच्या शेतांत रंगूबायच्या हाताला मान होता. बियाण्यासाठी राखलेल्या भातात एखादं रोप जरा उंच, जरा उशिरा फुलणारं दिसलं की ती ते मुळासकट उपटून बांधावर फेकायची. पस्तीस वर्षं तिनं हेच केलं. ती फिरून गेली की शेत एका आईच्या लेकरांसारखं दिसायचं.

त्या दुपारी मात्र हात रोपापर्यंत गेला आणि थांबला. खालच्या कोपऱ्यात करपा पडला होता. पानांच्या कडा वाळून पेंढ्यासारख्या झाल्या होत्या, आणि मधोमध हे एकच रोप, वीतभर उंच, हिरवंगार.

“रंगूबाय, डोळे गेले का? चारला बियाणं तपासायला साहेब येतायत. भेसळ दिसली तर अख्खं शेत नापास!” मालक देवव्रत बांधावरून ओरडला.

“डोलं हायत म्हणून तं थांबलंय. याचं एक पान तरी करपलंय का, बघा की दादा.”

देवव्रतने वैतागून बहिणीला, मृणालला, फोन लावला, रोपाचं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला. ती कृषी महाविद्यालयात शिकवायची.

“उपटू नकोस!” मृणाल म्हणाली. “हा करप्याचा जंतू पानातली साखर सोडवणारी एक कळ दाबतो आणि तिच्यावर पोसतो. बी तयार होताना कधी आईच्या गुणांची नक्कल चुकते, ती कळच बदलते. मग जंतू उपाशी. इथं तसं असेल, नसेलही. दाणे पिकू देत, पेरून बघू.”

“किती दिस?” रंगूबायने विचारलं.

“पंधरा तरी.”

साडेतीन वाजले होते. अशी किती रोपं आपण बांधावर सुकवली असतील! तिने कुदळ घेतली. रोपाभोवतीचं ढेकूळ कापताना मुळं करकर तुटली. साहेबांची मोटरसायकल बांधाला लागली तेव्हा रोपाचं घमेलं तिच्या डोक्यावर होतं.

“काय नेताय, बाई?” साहेबांनी विचारलं.

“भेसळ,” म्हणत ती चालत राहिली. मान ताठ.

घरी विहिरीशेजारच्या चिखलात तिने रोप लावलं, वर जुन्या लुगड्याची सावली केली. दोन दिवस पानं मिटून लोंबत राहिली.

“मेलं गो ते. जेव आता,” शेजारची चंद्राबाई म्हणाली.

तिसऱ्या सकाळी वरचं पान उलगडलं.

अठराव्या दिवशी मृणाल आली. भरलेले दाणे निघाले बासष्ट, बाकी पोचट. तिने पाकीट पुढे केलं. रंगूबायने अर्धेच टाकले.

“बाकीचं मी पेरीन. तुझ्या कॉलेजात उंदीर असतील.”

“आणि करपा आला तर?”

“येऊ दे. करपंल ते उपटीन.”