बूस्टर येईपर्यंत

जीपची यादी मी गणपती उठले त्याच आठवड्यात केली. मागच्या दाराचं रबर, वायपर, हॉर्न, पासिंगचे कागद, आणि खाली दोन रेघा मारून: ब्रेक. मुदत दसऱ्याची. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते, आणि अर्धवट काम झालेली गाडी पूजेला उभी केलेली मला चालत नाही.

जीप बाबांची. चारही चाकांना जोर देणारी, पंचवीस वर्षांची. एका कंपनीचा ट्रक त्यांनी तीस वर्षं चालवला आणि निवृत्त व्हायच्या आधी ही घेतली, कोकणातल्या घरापर्यंतचा लाल मातीचा चढ चढायला. पुढचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमवाले. पाण्यातून गेली की गाडी एका बाजूला ओढायची. पुढे डिस्क बसवायच्या, हे मीच ठरवलं.

"चालतंय ना? मग चालू दे," बाबा म्हणाले.

"बाबा, चालते हो. थांबत नाही."

गॅरेज कांजूरमार्गला. मेकॅनिक माझ्याच वयाचा, बोलायला रोखठोक. डिस्क लावून झाल्यावर त्याने मला बॉनेटजवळ बोलावलं. "ताई, काम अर्धं झालंय. ड्रमला नुसत्या पायाचा जोर पुरायचा, डिस्कला पुरत नाही. बूस्टर लागतो. एक गोल डबा असतो, पायाचा जोर वाढवून पुढे देतो. तुमच्या मॉडेलचा यायला दोन आठवडे. तोवर गाडी इथेच राहू द्या."

दसरा सहा दिवसांवर होता. "मला दारात पाहिजे," मी म्हटलं.

"मग नुसती उभी करा. हलवायची झाली तर तुम्ही हलवा, पाय रोवून. काकांना देऊ नका. आणि त्यांना सांगा, ताई. नाहीतर वाट लागेल."

मी तिथेच डायरी काढून लिहिलं: बूस्टर, दसऱ्यानंतर. बाबांना सांगणे. मग वरच्या 'ब्रेक'पुढे टिक केली. मुलुंडला घरी पोचेपर्यंत माझी मांडी भरून आली होती. म्हणजे ते पॅडल किती जड आहे, हे मला अंगाने ठाऊक होतं.

तरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "अर्धं काम घेऊन आलीस?" आणि ते मला ऐकायचं नव्हतं. शिवाय ते वर्षातून एकदा, दसऱ्याला, कंपाउंडात एक फेरी मारणार, तीही माणूस चालतो त्या वेगाने. त्यात काय होतंय, असं मी धरून चालले. आदल्या दिवशी त्यांनी उभ्या गाडीत पॅडल दाबून पाहिलं.

"दगडावर पाय ठेवल्यासारखं लागतंय गो."

"नवीन आहे बाबा. बसेल हळूहळू."

दसऱ्याला सकाळी सोसायटीच्या कंपाउंडात सगळ्यांच्या गाड्या धुऊन ओळीने उभ्या होत्या. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. लिंबं चिरडत पहिली गाडी निघते ती बाबांची, असा आमच्या इमारतीचा रिवाज. लिंबं फुटली, बायका-मुलांनी टाळ्या वाजवल्या, जीप पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेटकडे आली. दरवर्षी ती वॉचमनच्या खुर्चीच्या अलीकडे थांबते. या वर्षी थांबली नाही. खुर्ची गेली, आणि तिच्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नवी स्कूटर हारासकट भिंतीला जाऊन टेकली. वॉचमन नारळ फोडायला उठला होता, म्हणून वाचला.

शेजारी धावत आले. स्कूटर पाहून त्यांचा चेहरा उतरला, तरी ते बरं बोलले. "काका, लागलं नाही ना? वय काय आता तुमचं, शहात्तर? मग द्या की चावी लेकीकडे. किती वर्षं चालवाल, यार!"

दोघंतिघं हसले. बाबा अजून सीटवरच होते. "पाय पूर्ण दाबलेला गो मी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पूर्ण दाबलेला."

मी विसरले होते, असं मला लिहिता आलं असतं. पण आवाज झाला त्याच क्षणी मला 'बाबांना सांगणे' ही ओळ आठवली होती. पुढे टिक नव्हती, तेही आठवलं होतं. मग मी हात पुढे केला.

"बाबा, पुरे आता. चावी द्या."

त्यांनी दिली.

स्कूटर मी दुरुस्त करून दिली, वॉचमनला नवी खुर्ची आणली. दोन्हींपुढे टिक केली. बाबा रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन जीप पुसायला खाली जायचे, ते बंद झाले. आठव्या दिवशी मी कागद लावत बसले होते तेव्हा ते आले आणि आपलं लायसन्स माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गाडीच्या फायलीत ठेव. आता लागायचं नाय." आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तरी मी आणखी पाच दिवस गप्प राहिले. बूस्टर आला, बसला. गॅरेजमध्ये पॅडल दाबून पाहिलं तर अलगद खाली गेलं. "काका नाही आले?" मेकॅनिकने विचारलं. "सांगितलेलं ना त्यांना?"

घरी येऊन चहा होताना मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे विसरलीस?"

"नाही. यादीत होतं."

"आणि गाडी धडकली तेव्हा?"

"तेव्हा आठवलं."

"चावी मागायच्या आधी की नंतर?"

"आधी."

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि बशी कपाखाली सरकवली.

संध्याकाळी मी खाली जाऊन शेजाऱ्यांना गाठलं. आणखी दोघं होते. त्यांच्यासमोरच सांगितलं की चूक गाडीची होती, गाडीत ती मी ठेवली होती, आणि बाबांना त्याचा पत्ता नव्हता. शेजारी म्हणाले, "जाऊ द्या हो ताई, झालं ते झालं. पण वयही झालंच ना त्यांचं." जे मी तेव्हा बोलू दिलं, ते आता पुसता येत नव्हतं.

लायसन्स मी फायलीतून काढून त्यांच्या उशाशी ठेवलं. रविवारी ते खाली उतरले, जीपमध्ये बसले, दोनदा पॅडल दाबलं. "लागतो," म्हणाले, आणि टाकीला एक फेरी मारून वॉचमनच्या नव्या खुर्चीच्या अलीकडे नेमकी थांबवली.

आता ते रविवारी गाडी काढतात. चावी पूर्वीसारखी दारामागच्या खिळ्यालाच असते. पूर्वी ते ती घेऊन सरळ निघायचे. आता चावीला हात लावण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, घरात पाहुणे असले तरी, आणि विचारतात, "नेऊ ना गो?"

मी दर वेळी म्हणते, "बाबा, गाडी तुमचीच आहे."

ते मान हलवतात. पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात.